साडभाऊ उठत नाहीत

भंडारा जिल्ह्यात तालुके सात, तलाव मोजता मोजता माणूस म्हातारा होईल इतके, आणि एकदा बसल्यावर न उठणारा माणूस मात्र एकच. तो माझा साडू. आळशी माणसं जगात पुष्कळ आहेत, मी स्वतः त्यांच्यातला आहे. पण आळशी माणूस निदान जेवायची हाक आली की उठतो. आमचे साडू आळसानं बसत नाहीत, तत्त्वानं बसतात. ते बसले असताना तहसीलदार आला तरी उठत नाहीत, आमदार आला तरी उठत नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नात मुलाचा बाप स्वतः सोफ्यापुढे येऊन उभा राहिला आणि "जरा जागा देता का जी?" म्हणाला, तेव्हा या गृहस्थांनी त्याच्याकडे मान वर करून शांतपणे सांगितलं, "सरकतो. उठत नाही." आणि चार बोटं सरकले. मुलाचा बाप अर्ध्या बुडावर बसून अख्खं लग्न बघत राहिला. माझी बायको त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलत नव्हती. जणू साडू मी आणला होता! अरे बापा, साडू ही वस्तू बायकोच्या माहेराहून येते, नवऱ्यानं फक्त सांभाळायची असते.

आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. शेपटाला 'भाऊ' लावून दिला की तक्रारीला जागा राहत नाही, अशी पूर्वजांची हुशारी. हे माझे साडभाऊ म्हणजे थोरल्या मेव्हणीचे यजमान. धंद्यानं शिंपी. पवनी तालुक्यातल्या एका पुनर्वसनाच्या गावात, ओट्यावर मशीन टाकून बसतात. मूळचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं. बाहेरचे लोक 'गाव बुडालं' म्हणतात, आमच्याकडे कोणी तसं म्हणत नाही. आमच्याकडे गाव 'उठतं'. दोन अनोळखी माणसं बसमध्ये भेटली की सहज विचारतात, "तुमचं गाव कवा उठलं जी?" आणि समोरचा सांगतो, "तुमच्या मागंच उठलं." जसं काही लग्नाच्या पंगतीतून उठलं.

तर गाव उठलं तेव्हा लोकांनी नेता येईल ते सगळं नेलं. दारं नेली, चौकटी नेल्या, छपरावरचे कवेलू नेले, कोणी तर उंबरठे उपटून नेले. वाचनालयाची पुस्तकं मात्र कोणी नेईना. साडभाऊंनी त्यातलं एक उचललं, आणि ते वाचायला उचललं असं कोणाला वाटत असेल तर त्यानं साडभाऊंना पाहिलेलं नाही. नव्या घराचा ओटा एका बाजूनं बसका होता. मशीनचा डावा पाय अधांतरी राहून डुगडुगायचा. त्याच्याखाली घालायला नेमक्या जाडीची वस्तू हवी होती. त्यांनी कपाटातली पुस्तकं शिंप्याच्या नजरेनं मापली आणि एक काढलं. अशा रीतीनं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेचा इतिहास पुढची कितीतरी वर्षं आमच्या साडभाऊंच्या मशीनच्या डाव्या पायाखाली होता.

एका पावसाळ्यात लाईट आठवडाभर गेली, गिऱ्हाईक फिरकेना, आणि माणूस करणार काय? त्यांनी मशीनचा पाय उचलला, पुस्तक काढलं आणि वाचायला घेतलं. तोवर त्याचा वरचा पुठ्ठा झिजून गेला होता, नाव-गाव काही उरलं नव्हतं, आणि वाळवीनं आपल्या आवडीची पानं जागोजागी खाऊन टाकली होती. जे उरलं ते साडभाऊंनी इतकं वाचलं की मेव्हणीला अमेरिका ही सवत वाटू लागली. आणखी एक घोटाळा झाला. ते पुस्तक वाचायला काढलं की मशीन पुन्हा डुगडुगायची आणि टाका वाकडा पडायचा. त्यामुळे गावात कोणाच्या सदऱ्याची बाही तिरकी दिसली की लोक एकमेकांना सांगायचे, "शिंपी कालच्याले अमेरिकेत होता."

त्या पुस्तकात त्यांना ती बाई भेटली. तिकडे बसमध्ये गोऱ्यांसाठी काळ्यांनी जागा सोडायची असा नियम होता. एके संध्याकाळी एका काळ्या बाईला उठ म्हटलं आणि ती उठली नाही. पोलिसांनी धरून नेलं. त्यावर त्या गावातल्या काळ्या लोकांनी बसमध्ये पायच ठेवायचा नाही असं ठरवलं, वर्षभर पायी हिंडले आणि जिंकले. साडभाऊंच्या जिवाला हे लागण्याचं कारण वेगळंच होतं. ती बाई शिवणकाम करणारी होती. "आपल्या धंद्यातली आहे जी ते!" असं ते मला भेटेल तेव्हा सांगायचे, जसं काही ती लाखांदूरकडची लांबची नातेवाईक निघाली. "दिवसभर मशीन चालवून कंबर कशी होते हे तुमाले हापिसात बसून नाही समजणार, साडभाऊ. ते बाई आधी कमरेनं बसून राहिली. तत्त्व मंग मागून आलं." त्यातही मोठा आनंद याचा, की ज्या वर्षी आपली मंडळी नागपुरात दीक्षा घेत होती त्याच वर्षी तिकडे ती माणसं बस सोडून पायी चालत होती. त्यांची माय लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्या दीक्षेला गेलेली. "इकडं माही माय, तिकडं ते बाई. दोघी एकाच साली निघाल्या," हे वाक्य ते हातातलं शिवण थांबवून म्हणायचे. मी मनात म्हणायचो, चला, आता अमेरिकेचंही सोयरसुतक आलं.

आणि आलंच! तिकडच्या काळ्या लोकांच्या मोठ्या पुढाऱ्याला गॅलरीत उभं असताना गोळी घातली हे वाचल्यापासून साडभाऊंनी गॅलरीशी वैर धरलं. भंडाऱ्याला आमच्या घराला रस्त्याच्या बाजूनं बरी गॅलरी आहे. हे आले की तिचं दार लागतं. माझी बायको पापड उलटायला गेली की आतून हाक, "बाई, आंदर या! नुसता उभा होता तो माणूस, नुसता उभा!" पापड एका बाजूनं करपतात. एप्रिलच्या सुरुवातीला, त्या माणसाच्या मरणाच्या दिवशी, त्यांची मशीन बंद असते आणि संध्याकाळपर्यंत पोटात अन्न नसतं. नव्या गिऱ्हाइकाला शेजारी सांगतात, "आज शिवणार नाहीत. ह्यायचं कोणतरी अमेरिकेत वारलं."

फोनवर तर त्यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. तिकडच्या एका राष्ट्राध्यक्षानं स्वतःच्याच खोलीतलं स्वतःचंच बोलणं टेप करून ठेवलं आणि त्याच टेपेनं त्याची खुर्ची गेली, हे वाचल्यापासून मोबाईलवर त्यांचे दोनच शब्द, 'हाव' आणि 'नाही'. "तब्येत कशी आहे?" विचारलं तरी "हाव." अहो, तुमचा बीपी कोणाला चोरायचाय? दोन चुलतभाऊ बांधाच्या भांडणावरून कोर्टात निघाले, तेव्हा साडभाऊंनी त्यांना ओट्यावर बसवून दटावलं, "घुसणं सोपं असते बापा. निघाचं कसं ते आधी सांगा. नाही त तुमचा व्हिएतनाम होते." दोघंही घाबरून दुसऱ्याच दिवशी तडजोडीला आले. मागाहून कळलं की व्हिएतनाम हे नागपूरच्या वरचं कोर्ट आहे असं त्यांना वाटलं होतं.

बसमधले त्यांचे पराक्रम सांगायचे तर वेगळा दिवस लागेल. आमच्याकडे बस थांबायच्या आधी खिडकीतून दुपट्टा आत टाकतात. दुपट्टा पडला ती जागा आपली. साडभाऊ आत बसून ते दुपट्टे उचलून पुन्हा बाहेर टाकायचे. "बसाच्या आधीच जागा आपली म्हणणं, हे गोऱ्यायचं काम आहे," असं वर सुनवायचे. आतापर्यंत कोणी हात उचलला नाही तो केवळ वयाकडे बघून. आणि एकदा तर हे न बघता महिलांच्या राखीव जागेवर बसले. कंडक्टरनं उठायला सांगितलं. हे म्हणाले, "तिकडं बाई उठली नाही, मी कायले उठू?" समोर उभी असलेली बाई कडेवरच्या लेकरासकट खवळली, "अवं, ते बाई होती म्हणून बसली होती! तुमी कोण? माणूस ना तुमी?" सगळी बस हसली. साडभाऊंनी क्षणभर विचार केला आणि सीटवरून घसरत घसरत खाली बसच्या पत्र्यावर जाऊन बसले. मी नंतर चिडवलं की शेवटी उठलातच ना भाऊ, तर म्हणाले, "उठलो नाही. उतरलो."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण मागच्या दिवाळीनंतर या अमेरिकेनं खरंच घात केला. त्यांच्या गावात बस येत नसे. मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापर्यंत यायची. तिथून गाव चांगलं अर्ध्या तासाच्या चालीवर, मधे झुडपी जंगल, आणि संध्याकाळी कॉलेजातून येणाऱ्या पोरी अंधार पडायच्या आत घर गाठायला पळत यायच्या. त्या पोरींत साडभाऊंची पुतणी प्रज्ञा होती, बारावीतली. साडभाऊंना मूलबाळ नाही. भिंतीपलीकडच्या धाकट्या भावाची ही पोरगी त्यांना 'मोठेबाबा' म्हणत त्यांच्याच ओट्यावर चिंध्या वेचत वाढली. गावानं डेपोत कितीदा अर्ज केले. डेपो कुठला ते मी सांगत नाही, उगाच भांडणं होतात. उत्तर ठरलेलं होतं, गावात बस वळवायला जागा नाही.

साडभाऊ विहारातल्या बैठकीत बसल्या बसल्या बोलले, "बसच सोडून द्या. तिकडं लोकायनं वर्षभर बसमध्ये पाय नाही ठेवला आन बसवाले पायावर आले. आपण एक महिना नाही करू शकत?" लोकांना ते पटलं. म्हणजे साडभाऊंनी आयुष्यात एकदाच भाषण केलं आणि तेही नेमकं पटलं, हे दुर्दैव बघा. दुसऱ्या दिवसापासून फाट्यावर कोणी उभं राहीना. पोरी सायकलीनं, कोणाच्या दुचाकीवर मागे बसून, कधी धानाच्या ट्रॅक्टरवर बसून जाऊ लागल्या. बस रिकामी यायची, क्षणभर थांबायची, रिकामी जायची. साडभाऊ रोज ओट्यावरून विचारायचे, "आले का पायावर?"

डेपोवाले पायावर आले नाहीत. त्यांनी महिना संपला तसा कागद काढला की या फाट्यावर भारमान नाही, म्हणजे प्रवासीच नाहीत, सबब ही फेरी बंद. अहो, त्यांना तर लाडूच मिळाला! जी बस काढायला ते निमित्त शोधत होते, ती गावानं स्वतः हातानं उचलून दिली. आता फाट्यावरही बस नाही. ट्रॅक्टर रोज मिळेना. प्रज्ञाच्या बापानं एका संध्याकाळी जाहीर केलं की बस झालं शिक्षण, सिहोऱ्याचं स्थळ आलंय, पोरगा बरा आहे, उन्हाळ्यात उरकून टाकू. प्रज्ञा दोन दिवस जेवली नाही. मेव्हणीनं साडभाऊंच्या हातातून ते पुस्तक हिसकावून चुलीपुढे नेलं आणि म्हणाली, "तुमच्या अमेरिकेनं माह्या पोरीचं वाटोळं केलं." जाळलं मात्र नाही. मशीन डुगडुगली असती.

त्यानंतर एक दिवस साडभाऊ भंडाऱ्याला आमच्याकडे आले. गॅलरीचं दार उघडं होतं, तरी काही बोलले नाहीत, तेव्हाच मी समजलो की माणूस मोडलाय. पिशवीतून पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. "साडभाऊ, तुमच्या फोनात सारं असते म्हणता ना. इथं बघा. इकडं बस सोडली, इकडं जिंकले. मधलं पान वाळवीनं खाल्लं. त्या पानात काय होतं, तेवढं सांगा."

मी शोधून वाचून दाखवलं. त्या गावात बसनं जाणारे बहुतेक लोक काळेच होते. ते बसेनात, तसा बसवाल्यांचा धंदाच बसला. आणि त्या लोकांनी आपापसात गाड्यांची सोय केली होती, ठरलेल्या ठिकाणी गाड्या उभ्या राहायच्या, कोणाला घरी बसावं लागलं नाही. साडभाऊ ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे तिकडचे बसवाले उपाशी मेले. आन आपले त खुश झाले." मी म्हटलं, "हो भाऊ." "एका पानासाठी पोरगी गेली म्हणा ना," ते म्हणाले, आणि मला पहिल्यांदाच त्यांना चिडवावंसं वाटेना.

विषय बदलावा म्हणून मी पुढचं वाचलं. त्या बाईनं पुढे सांगितलं होतं की तिची कंबर दुखत नव्हती. दमली होती ती वेगळ्याच गोष्टीनं. दरवेळी मुकाट्यानं ऐकायचं आणि उठायचं, याचा तिला वीट आला होता. साडभाऊंनी फोन माझ्या हातातून घेतला, दूर धरून बघितला, परत दिला. "उठून उठून थकली होती," ते म्हणाले. एवढंच. जेवायला बसले आणि बायकोनं दुसऱ्यांदा भात वाढला तोही कळला नाही.

पण ते हात पाय गाळून बसणारे नव्हेत. बसणं हाच तर त्यांचा हातखंडा. जाता जाता म्हणाले, "पुढचं पान शाबूत आहे." पुढच्या पानावर कॉलेजातली पोरं होती. हॉटेलात काळ्यांना वाढत नसत. ही पोरं चांगले कपडे घालून, हातात पुस्तकं घेऊन हॉटेलात जाऊन बसली. वाढत नाही म्हणता? नका वाढू. आम्ही बसलो आहोत. कोणी अंगावर काही ओतलं तरी हात उचलायचा नाही. "बसाचं काम असंल त मले येते," असं म्हणून ते गेले. त्या आठवड्यात त्यांची मशीन पहाटेपासून चालू होती. गावानं पेट्यांतून लग्नाचे कपडे काढले. कोणाचे ब्लाऊज उसवून सैल केले, कोणाच्या सफारीला पोटाशी पट्टी लावली. पुस्तक पायाखाली परत गेलं होतं. एक टाका वाकडा पडला नाही.

मलाही फर्मान आलं, तेही फोनवर, 'हाव' आणि 'नाही'च्या पलीकडचं पहिलं वाक्य. "पोरीच्या लग्नातला सूट घालून या." सकाळी डेपोत पोचलो तो काय, सगळे बाक आमच्या माणसांनी भरलेले! सफारी, शालू, पांढरे झोकदार सदरे, एका म्हातारबांच्या डोक्याला चक्क फेटा. मधोमध साडभाऊ आणि शेजारी मेव्हणी, तीही शालूत, तोंड वाकडं करून. तिनं मला बघून हळूच म्हटलं, "जावईबापू, मी पोरीसाठी आली. ह्यायच्या अमेरिकेसाठी नाही." पलीकडे ध्रुपताबाई. ही साडभाऊंच्या मायची जुन्या गावातली शेजारीण, आता कंबरेत वाकलेली. ती हिरवी नऊवारी नेसून काठी मांडीवर घेऊन बसली होती.

डेपो मॅनेजर बाहेर आला. त्याची चूक नव्हती. असलं वऱ्हाड बघून कोणीही तेच विचारलं असतं. "वऱ्हाड कुठलं? गाडीचा करार झाला का? नवरदेव कुठंय?" ध्रुपताबाईनं काठी साडभाऊंकडे केली, "हा काय. ह्यानंच आणलं आमाले." मॅनेजरनं पन्नाशी उलटलेल्या साडभाऊंकडे पाहिलं, शालूतल्या मेव्हणीकडे पाहिलं आणि जरा आदरानं म्हणाला, "उशिरा का होईना, अभिनंदन." मेव्हणी अशी काही लाजली की मी तिला तसं लाजताना पहिल्यांदा पाहिलं. साडभाऊ मात्र गंभीर. "आमी वऱ्हाड नाही जी. आमी बसलो आहो. गावात बस सुरू होईपर्यंत उठणार नाही."

"अहो, तुम्हीच बसत नव्हते गाडीत!" मॅनेजर ओरडला, आणि खरं सांगतो, त्याचंही चुकत नव्हतं. "ते पान चुकलं," साडभाऊ म्हणाले. मॅनेजरला काही कळलं नाही. तो भारमान म्हणाला, वरची परवानगी म्हणाला, गावात गाडी वळत नाही असा रिपोर्ट आहे म्हणाला. साडभाऊंचं सगळ्यावर एकच, "बरं जी. आमी बसलो आहो." दिवसभर तसेच. ना घोषणा, ना गोंधळ. शेंगदाणेवाल्याचं मात्र नशीब फळफळलं. दुसरे प्रवासी यायचे, बाकाकडे बघायचे; साडभाऊ हात करायचे आणि अख्खं गाव एका अंगानं सरकायचं. उठलं कोणी नाही.

संध्याकाळ झाली तसा मॅनेजर कंटाळला. "झालं ना? आता घरी जा." साडभाऊंनी विचारलं, "कशानं?" गावाची बस त्यानंच बंद केली होती! लग्नाच्या कपड्यांतली एवढी माणसं, त्यांत म्हाताऱ्या बाया, रात्रभर डेपोत ठेवायची तर उद्या पेपरात फोटो. शेवटी त्यानं एक गाडी काढायला लावली. "फाट्यावर सोडायचं आणि परत यायचं," असं ड्रायव्हरला बजावलं. ड्रायव्हरची ड्युटी संपलेली, पोटात भूक, तो शिव्या गिळत गाडी हाकू लागला.

फाटा आला. कंडक्टरनं दार उघडलं. "चला, उतरा." मी साडभाऊंकडे बघितलं. सगळं गाव साडभाऊंकडे बघत होतं. आणि ते तोंड उघडायच्या आत ध्रुपताबाई बोलली, काठी घट्ट धरून. "मी नाही उठत, बापा. लय डाव उठली." एवढं म्हणून ती खिडकीबाहेर बघू लागली. मग कोणीच हललं नाही. ड्रायव्हर मागे वळून त्या फेट्याकडे, त्या शालूंकडे बघत राहिला. मग त्यानं "च्या मायले" म्हणून गिअरचा दांडा टाकला आणि गाडी गावाच्या रस्त्याला घातली. झुडपं दोन्ही बाजूंनी पत्र्याला घासत होती, बाया आत बसून टाळ्या वाजवत होत्या. विहारापुढच्या मैदानात ड्रायव्हरनं गाडी आणली आणि एका झोक्यात, एकदाही मागे न घेता, गर्रकन वळवून उभी केली. मग स्वतःच खाली उतरून चाकांकडे बघत म्हणाला, "वळली की जी!" बसमधून कोणीतरी केलेल्या फोनवरून प्रज्ञा तिथे आधीच येऊन उभी होती. तिनं सगळं मोबाईलमध्ये धरलं होतं. तो रिपोर्ट, ज्यात गाडी वळत नव्हती, त्याचं तिथेच काम तमाम झालं.

पुढचे कागद सरकायला वेळ लागला, पण बस आली. सकाळी आणि संध्याकाळी, थेट विहारापर्यंत. सिहोऱ्याच्या मंडळींना प्रज्ञाच्या बापानं सांगितलं, "पोरगी अजून शिकून राहिली जी." पहिल्या दिवशी गावानं साडभाऊंचा सत्कार ठेवला आणि हार बसल्या जागीच घालावा लागला, कारण उभे राहा म्हटल्यावर ते म्हणाले, "बसूनच घाला." त्या संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी गमतीत म्हटलं, "भाऊ, आता तरी उठायला हरकत नाही. जिंकलात ना?"

ते मशीनचं चाक हातानं उगाच फिरवत होते. म्हणाले, "माय ओट्यावर बसली होती, साडभाऊ. जुन्या घराच्या. सारं गाव गेलं होतं. पाणी अंगणाच्या कुपाटीपर्यंत आलं होतं. साहेब म्हणे उठवा बुढीले. माय म्हणे, मी नाही उठत, तुमी जा. म्या समजावलं, ध्रुपताबाईनं समजावलं. नाही ऐकली. मंग म्याच उठवलं तिले. दोन्ही हातानं धरून. लेकरावानी हलकी झाली होती." चाक फिरत राहिलं. "इथं आली त कधी ओट्यावर बसलीच नाही. उभी उभीच राहे. दोन महिन्यांत गेली."

एवढी वर्षं मी या माणसाची नक्कल करून पंगती हसवल्या होत्या. त्या दिवशी मला वाटलं, बसू दे रे याला. कोणी उठवू नका.

परवा मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. सकाळच्या बसनं दोघं पवनीला निघालो. गाडी पोरींनी गच्च भरलेली. भारमान काय असतं ते डेपोवाल्यांनी येऊन बघावं. साडभाऊंना खिडकीची जागा मिळाली होती, मी दांड्याला लोंबकळत होतो आणि ते मला "सरकतो" असंही म्हणाले नव्हते. दार लागता लागता ध्रुपताबाई चढली, काठी टेकत, आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. कोणी काही म्हणायच्या आत साडभाऊ उठले.

कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला. मागून एक पोरगी ओरडली, "मोठेबाबा उठले!" ध्रुपताबाईसुद्धा घाबरली, "अरे, तू कायले उठतं रे बापू?" त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरून जपून खिडकीशी बसवलं, नऊवारीचा काठ सीटखाली अडकला होता तो वाकून सोडवला, आणि माझ्याशेजारी उभे राहिले. उभं राहायची सवय नव्हती, पहिल्याच खड्ड्यात भेलकांडले. ते बघून पुढच्या सीटवरून प्रज्ञा लगबगीनं उठली. "मोठेबाबा, तुमी बसा इथं."

त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं.

"तू बस माय," ते म्हणाले. "तू नाही उठाचं."